पक्षात राहून आडवे जाणारे

टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात बोलण्यासाठी दोन माइक आहेत. पुढच्या माइकवर विधेयक मांडणारा सदस्य उभा राहतो आणि मागच्या माइकवर त्याला प्रश्न विचारणारे, हरकती घेणारे, आडवे जाणारे रांग लावतात. ‘मागचा माइक’ हा तिथल्या राजकीय बोलीतला शब्दच होऊन बसला आहे. शुक्रवार, १२ मे २०१७ या दिवशी सभागृहापुढे स्थानिक आणि बिनविरोध विधेयकांची यादी होती. समितीत एकमताने संमत झालेली विधेयकेच या यादीत येतात, त्यामुळे एरवी ती काही मिनिटांत हातावेगळी होतात. मात्र नियमात एक मेख आहे. यादीतल्या विधेयकाला पाच सदस्यांनी हरकत घेतली, किंवा त्यावरची चर्चा दहा मिनिटांपलीकडे गेली, तर ते यादीतून बाहेर पडते. टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांसाठी भरते. मे महिन्याच्या मध्यावर यादीतून बाहेर पडलेल्या विधेयकाला परत आत येण्याइतका वेळच शिल्लक नसतो.

त्या दिवशी शंभरहून अधिक विधेयके अशी बाहेर पडली. ती पाडणारा गट १५० सदस्यांच्या सभागृहात अवघ्या १२ जणांचा होता. त्याचे नाव टेक्सास फ्रीडम कॉकस (कॉकस म्हणजे विधिमंडळातल्या सदस्यांचा गट) आणि हे बाराही जण सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचेच होते. रविवारी मातृदिन होता, म्हणून वार्ताहरांनी या प्रकाराला ‘मातृदिनाचे हत्याकांड’ असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. पडलेल्या विधेयकांमध्ये ह्यूस्टनच्या आमदार शॉन थिअरी यांचे एक विधेयक होते. कृष्णवर्णीय स्त्रियांचे गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर होणारे मृत्यू इतके जास्त का, याचा अभ्यास व्हावा, एवढेच ते मागत होते.

हा प्रसंग वाचून पहिल्यांदा रागच येतो आणि तो रास्त आहे. तरीही या बारा जणांनी गट काढला यात मला काही गैर दिसत नाही. उलट, विधिमंडळात अशा गटांना जागा असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्या गटाने काय केले आणि कसे केले, हा वेगळा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची गल्लत आपल्याकडेही होते आणि अमेरिकेतही होते, म्हणून ते वेगळे करून पाहणे मला गरजेचे वाटते.

पक्षांतर्गत कॉन्झर्व्हेटिव्ह गटांची परंपरा अमेरिकेत तशी नवी नाही. वॉशिंग्टनमध्ये १९७३ साली रिपब्लिकन स्टडी कमिटी स्थापन झाली ती पक्षाचे नेतृत्व पुरेसे उजवे नाही या तक्रारीतूनच. कालांतराने ती कमिटी इतकी फुगली की पक्षातले बहुसंख्य खासदार तिचे सभासद झाले आणि तिची धार गेली. मग जानेवारी २०१५ मध्ये जिम जॉर्डन, मार्क मेडोज, मिक मुलवेनी, रॉन डिसँटिस आदी नऊ जणांनी हाऊस फ्रीडम कॉकस काढला. निमंत्रणाशिवाय त्यात प्रवेश नाही आणि सभासदांची अधिकृत यादी तो प्रसिद्ध करत नाही. त्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की गटातल्या ८० टक्के सदस्यांनी एखादी भूमिका ठरवली की उरलेल्यांनीही सभागृहात त्याप्रमाणेच मतदान करायचे. त्याच वर्षी सभापती जॉन बेनर यांना पद सोडावे लागले, त्यामागे या गटाचा दबाव मोठा होता. टेक्सासच्या बारा जणांनी दोन वर्षांनी तेच नाव घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये अटलांटा येथे स्टेट फ्रीडम कॉकस नेटवर्क या संस्थेची घोषणा झाली. जॉर्जियापासून सुरुवात करून पुढच्या दोन-तीन वर्षांत साउथ कॅरोलायना, मिझुरी, आयडाहो, वायोमिंग, लुइझियाना अशा डझनभर राज्यांत तिचे गट उभे राहिले.

यातली बहुतेक राज्ये रिपब्लिकन बहुमताची आहेत आणि या गटांच्या जन्माचे खरे कारण तिथेच आहे. ज्या राज्यात एकच पक्ष वर्षानुवर्षे जिंकतो, तिथे नोव्हेंबरची निवडणूक ही औपचारिकता उरते आणि खरी लढत पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात होते. विरोधी पक्ष दुबळा, म्हणून सत्ताधारी नेतृत्वाला जाब विचारणारे कोणी उरत नाही. कोणते विधेयक सभागृहापुढे येणार आणि कोणते फडताळात पडून राहणार, हे सभापती आणि त्यांनी नेमलेली एखादी समिती ठरवते. टेक्सासमध्ये कामकाज ठरवणारी कॅलेंडर्स कमिटी ही विधेयकांची सर्वांत मोठी दफनभूमी आहे. तिथे विधेयक अडले तर कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची सभागृहात नोंद होत नाही, कारण मतदानाची वेळच येत नाही. गर्भपात, मालमत्ता कर, स्थलांतरित अशा विषयांवर मतदारांना वचने देऊन निवडून आलेल्या सदस्याला अधिवेशन संपताना हात हलवत मतदारसंघात परतावे लागत असेल, तर त्याने आपल्यासारख्या दहाजणांना गाठून वेगळी चूल मांडावी, हे अगदी स्वाभाविक आहे. त्याचे विचार मला पटतात की नाही, याचा इथे संबंध नाही.

अशा गटांना नेतृत्वाने दिलेली वागणूक पाहिली की ही बाजू आणखी पटते. साउथ कॅरोलायनात २०२२ च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकन आमदारांच्या अधिकृत गटाने सभासदांपुढे एक हमीपत्र ठेवले. पक्षाच्या विद्यमान आमदाराविरुद्ध प्रचार करायचा नाही आणि गटाच्या बैठकीतले बाहेर बोलायचे नाही, असा त्याचा आशय होता. फ्रीडम कॉकसच्या बहुतेक सदस्यांनी सही करायला नकार दिला आणि ते पक्षाच्या बैठकीबाहेर फेकले गेले. त्या राज्याच्या कायद्यात तर पक्ष, वंश किंवा लिंग यांवर आधारलेल्या आमदार-गटांना निधी गोळा करण्याची मुभा होती आणि विचारावर आधारलेल्या गटांना नव्हती. माझ्या मते विधिमंडळात गट बांधायचा तर तो आधी विचारावरच बांधला जावा आणि कायदा नेमका त्यालाच मज्जाव करत होता. गट न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये फेडरल न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मिझुरीत जानेवारी २०२४ मध्ये सिनेटचे नेते कॅलेब राउडन यांनी फ्रीडम कॉकसच्या बिल आयगल, रिक ब्रॅटिन, डेनी हॉस्किन्स आणि अँड्रयू कोनिग या सदस्यांची समित्यांची अध्यक्षपदे काढून घेतली आणि त्याबरोबर त्यांच्या गाड्या उभ्या करायच्या राखीव जागाही काढून घेतल्या. पार्किंगपर्यंत गेलेल्या या शिक्षेने काय साधले? चारच महिन्यांत त्याच गटाने वैद्यकीय साहाय्याच्या निधीशी निगडित विधेयकावर सिनेटचे कामकाज ४१ तास रोखून धरले आणि हॉस्किन्स त्याच वर्षी मतदारांच्या पाठिंब्याने राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट झाले. मतभेदाला शिक्षा केली की तो संपत नाही, तो चिडतो.

इथवर मी या गटांच्या बाजूने बोललो. माझा आक्षेप सुरू होतो तो ८० टक्क्यांच्या नियमापाशी.

हिशेब करून पाहू. वायोमिंगच्या प्रतिनिधिगृहात ६२ सदस्य आहेत आणि विधेयक मंजूर व्हायला ३२ मते लागतात. समजा, एखाद्या गटाकडे बरोबर ३२ सदस्य आहेत आणि त्याचा नियम ८० टक्क्यांचा आहे. ३२ चे ८० टक्के म्हणजे २६. बंद दाराआड २६ जणांनी हात वर केले की उरलेले सहा बांधले जातात आणि ३२ चा आकडा पुरा होतो. म्हणजे ६२ पैकी २६ जण, सभागृहाच्या निम्म्याहूनही कमी, राज्याचा कायदा ठरवतात आणि सभागृहातली चर्चा ही आधीच लागलेल्या निकालाचे वाचन ठरते. पटत नसतानाही बांधल्या गेलेल्या त्या सहाजणांच्या मतदारांना आपल्या प्रतिनिधीचे खरे मत काय होते, हे कधीच कळत नाही. हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला नाही. वायोमिंगमध्ये २०२४ च्या ऑगस्टमधील प्रायमरीत फ्रीडम कॉकसच्या उमेदवारांनी आपल्याच पक्षाच्या अनेक विद्यमान आमदारांना हरवले आणि जानेवारी २०२५ पासून तिथले प्रतिनिधिगृह त्या गटाच्या ताब्यात गेले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात असे पहिल्यांदाच घडले. पहिल्या दहा दिवसांत पाच विधेयके सभागृहात मंजूर करून दाखवू, अशी घोषणा गटाने केली होती आणि तसे त्याने करून दाखवले.

दिलेला शब्द पाळला, यात वाईट काय, असे कोणी विचारेल. शब्द पाळण्यात वाईट काहीच नाही आणि मतदारांपुढे कार्यक्रम ठेवून त्यावर निवडून येणे ही तर लोकशाहीतली सरळ वाट आहे. पण अल्पमतात असताना ‘नेतृत्व सगळे बंद खोलीत ठरवते’ अशी तक्रार करणाऱ्या गटाने बहुमत मिळाल्यावर स्वतःची खोली बंद ठेवली, तर त्याची मूळ तक्रारच खोटी पडते. सभासदांची पूर्ण यादी जाहीर न करण्याचा वॉशिंग्टनचा कित्ता काही राज्यांतल्या गटांनीही गिरवला, हे मला सर्वांत खटकते. टेक्सासच्या बारा जणांनी निदान आपली नावे पहिल्याच दिवशी जगजाहीर केली होती. त्यांच्या कृत्यावर मी कितीही टीका केली, तरी कोणाकडे बोट दाखवायचे हे टेक्सासच्या मतदाराला ठाऊक होते. हा दोष फक्त उजव्यांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. वॉशिंग्टनमधल्या काँग्रेशनल प्रोग्रेसिव्ह कॉकस या १९९१ पासूनच्या डाव्या गटानेही २०२० मध्ये नियम बदलून एकगठ्ठा मतदानाची वाट धरली आणि तिथेही माझा आक्षेप हाच राहील.

कॉकस या शब्दाचा इतिहासच या बंद खोलीपासून सुरू होतो. जॉन अॅडम्स यांनी फेब्रुवारी १७६३ मध्ये आपल्या रोजनिशीत बॉस्टनच्या एका कॉकस क्लबची नोंद केली आहे. टॉम डॉज नावाच्या गृहस्थाच्या घराच्या माळ्यावर मंडळी जमतात, एका टोकापासून दुसरे टोक दिसेनासे होईपर्यंत तंबाखू ओढतात आणि नगरसभेने निवडण्याआधीच नगराचे अधिकारी तिथे निवडून टाकतात, अशा आशयाची ती नोंद आहे. गावाने हात वर करण्याआधी माळ्यावर निकाल लागलेला असतो, हे अॅडम्सना अडीचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवावेसे वाटले. माळा असू नये, असे माझे म्हणणे नाही. चार समविचारी माणसे कुठेतरी जमणारच. त्या माळ्यावर कोण कोण बसले होते, हे गावाला कळले पाहिजे आणि खाली उतरल्यावर प्रत्येकाला आपल्या बुद्धीने हात वर करता आला पाहिजे.

आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. ती म्हणजे माळ्याचे भाडे कोण भरतो. हा मुद्दा मला ८० टक्क्यांच्या नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे आमदार पूर्णवेळ नसतात. टेक्सासच्या आमदाराचे वेतन महिना ६०० डॉलर आहे आणि २०१७ च्या अधिवेशनात सहा हजारांहून अधिक विधेयके दाखल झाली होती. वायोमिंगचे विधिमंडळ एका वर्षी ४० आणि दुसऱ्या वर्षी २० दिवसांच्या आसपास बसते आणि तिथल्या सामान्य आमदाराला स्वतःचा एकही कर्मचारी मिळत नाही. शेती, दुकान किंवा वकिली सांभाळून थंडीत राजधानीत येणारा हा माणूस शेकडो विधेयकांचे मसुदे कधी वाचणार? ते वाचून देणारा, त्यातली गोम सांगणारा आणि कुठे हो, कुठे नाही म्हणायचे ते सुचवणारा एक पूर्णवेळ माणूस प्रत्येक राज्यातल्या गटाला पुरवणे, हे स्टेट फ्रीडम कॉकस नेटवर्कचे मुख्य काम आहे. त्याचा पगार राज्य देत नाही, नेटवर्क देते आणि अशा प्रकारच्या संस्थांवर आपल्या देणगीदारांची नावे लोकांपुढे ठेवण्याचे बंधन अमेरिकी कायद्यात नाही.

या मदतीमागे दुष्ट हेतूच असेल, असे मी गृहीत धरत नाही. गरज खरी आहे. नेटवर्कने ती भागवली नसती तर लॉबीवाल्यांनी भागवली असती आणि कित्येक दशके तेच तर ती भागवत आले आहेत. म्हणून या गटांना नावे ठेवणाऱ्या मध्यममार्गी नेत्यांना माझा प्रश्न आहे की आमदाराला सरकारी खर्चाने एक अभ्यासू साहाय्यक आणि पोट भरेल इतके वेतन देण्याला तुम्ही आजवर विरोध का केलात? लोकप्रतिनिधीला विधेयक वाचण्याचे साधन राज्याने दिले नाही की ते दुसरे कोणीतरी देते आणि देणाऱ्याचा चष्माही त्याबरोबर येतो. परंतु याच कारणासाठी कॉकसवरही एक जबाबदारी येते. वॉशिंग्टनची नोकरशाही राज्यांच्या कारभारात नाक खुपसते, राज्यांचे निर्णय राज्यांतच व्हावेत, ही या गटांची जुनी आणि प्रामाणिक भूमिका आहे. डझनभर राज्यांतल्या गटांना एकाच राष्ट्रीय संस्थेने माणूस, सल्ला आणि डावपेच पुरवायचे आणि पैसा कोणाचा हे सांगायचे नाही, हे त्या भूमिकेशी जुळत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह विचार गंभीरपणे मानणाऱ्यानेच हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

मराठी वाचकाने यात लक्ष का घालावे? कारण पक्षात राहून पक्षाला अडवणारा गट ही कल्पना एकेकाळी आपल्या मातीत रुजली होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी एकत्र आली आणि त्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. काँग्रेसमध्येच राहून तिला डावीकडे ओढायचे, हे त्याचे उघड उद्दिष्ट होते. विचार टेक्सासच्या बारा जणांच्या अगदी विरुद्ध, पण रचना तीच. त्याचे नाव, सभासद, ठराव, परिषदा सगळे जाहीर होते. १९४८ मध्ये काँग्रेसने आपल्या घटनेत बदल करून पक्षांतर्गत पक्षांना मनाई केली आणि समाजवाद्यांनी त्याच वर्षी नाशिकच्याच अधिवेशनात काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. काँग्रेसचे त्यात नुकसान झाले की नाही, यावर मतभेद असू शकतात. पक्षातल्या पक्षात उघडपणे भांडण्याची सवय मात्र तेव्हापासून मोडत गेली, असे मला वाटते.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने त्यावर कायद्याची मोहोर उठवली. दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. विश्वासदर्शक ठराव आणि एखादा साधा कायदा यांत ते परिशिष्ट फरक करत नाही. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला पूर्वी जे संरक्षण होते, तेही २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकले. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. प्रत्यक्षात आज मुंबईच्या विधानसभेत २८८ पैकी कुठल्याही आमदाराला सरकारच्या विधेयकावर ‘हे माझ्या मतदारसंघाच्या हिताचे नाही’ म्हणून पक्षात राहून विरोधी मत देता येत नाही. त्याला एक तर मुकाट हात वर करावा लागतो, नाहीतर पक्षच उचलून न्यावा लागतो. जून २०२२ मध्ये सुरतेहून गुवाहाटीला गेलेली विमाने आपण सर्वांनी पाहिली. वर्षभराने आणखी एका पक्षात तीच कथा घडली. तो वाद पक्ष कोणाचा, चिन्ह कोणाचे, प्रतोद कोणाचा या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या आमदारांचा राज्यकारभाराच्या कोणत्या धोरणाला, कोणत्या कलमाला विरोध होता, हे सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत कुठे सापडते? टेक्सासच्या बारा जणांचा विरोध नावानिशी, विधेयकागणिक नोंदलेला आहे. त्यांच्या वागण्यावर एवढा राग येऊनही मला त्यांची पद्धत आपल्यापेक्षा बरी वाटते ती यासाठी. पक्षादेशाची सक्ती सरकार टिकण्या-पडण्याच्या प्रश्नापुरती आणि अर्थसंकल्पापुरती ठेवून बाकी विधेयकांवर आमदारांना मोकळीक द्यावी, ही मागणी आपल्याकडेही आता जोर धरायला हवी.

टेक्सासकडे परत येतो, कारण त्या शुक्रवारचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. आदल्या रात्री बारा वाजता प्रतिनिधिगृहाच्या स्वतःच्या विधेयकांची मुदत संपत होती आणि त्या रात्रीही गटाने ‘चबिंग’ केले होते, म्हणजे किरकोळ विधेयकांवर लांबण लावून घड्याळ खाल्ले होते. त्यात राज्याच्या वैद्यकीय मंडळासह काही संस्थांची मुदत वाढवणारे एक विधेयक वेळेअभावी गेले. टेक्सासच्या कायद्यानुसार सरकारी संस्थांचे आयुष्य ठरावीक मुदतीचे असते. विधिमंडळाने ते वाढवले नाही तर संस्था बंद पडते आणि वैद्यकीय मंडळ बंद म्हणजे डॉक्टरांना परवाने देणारेच कोणी नाही. पुढे सिनेटच्या नेतृत्वाने याच अडचणीचा दबावासाठी वापर केला आणि गव्हर्नर ग्रेग अॅबट यांना १८ जुलैपासून विशेष अधिवेशन बोलवावे लागले. गटाचे समर्थक म्हणतात की आमची विधेयके अडवणाऱ्यांना धडा शिकवण्याचा दुसरा मार्गच आम्हाला ठेवला नव्हता. तक्रार खरी असेलही. पण कॅलेंडर्स कमिटीवरचा राग काढताना तिथे नसलेल्या माणसांची, अनेकदा स्वतःच्याच पक्षाच्या साध्या सदस्यांची आणि ज्यांना यातले काहीच माहीत नव्हते अशा नागरिकांची विधेयके पाडली गेली. एखाद्या विधेयकाला विरोध असेल तर मागच्या माइकवर उभे राहून त्याचे कारण सांगावे. ते कारण चुकीचे असले तरी ते कारण असते. शंभर विधेयके एकदम पाडताना प्रत्येकाचे कारण देणे शक्यच नव्हते.

विशेष अधिवेशनात वैद्यकीय मंडळाला मुदतवाढ मिळाली. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या समितीची मुदत वाढवणारा कायदाही तिथेच, ऑगस्टमध्ये मंजूर झाला. मे महिन्यात बिनविरोध यादीवरून जे काम सुरू होऊ शकले असते, त्यासाठी दीडशे आमदारांना भर उन्हाळ्यात ऑस्टिनला परत यावे लागले.